तुझ्या स्वप्नातलं परसदार

आक्का, तुझा दहावा होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, शांतानं तुझं अंथरूण उन्हात टाकून घडी करून ठेवलं. शेवटच्या दुपारी तू मला एकच गोष्ट विचारलीस आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल, पण एवढं लिहायलाच हवं. आता मी मास्तर माणूस, मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. "आमचा मास्तर भाकरी मागायची झाली तर पेरनीपासून सुरवात करील," असं तूच साऱ्या तिसगावाला सांगायचीस. मग आज थोडं ऐकून घे.

काल सकाळी कासाराची धाकटी सून दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, तोंड न धुतलेलं, ओठ घट्ट मिटलेले. तुझा नियम पाळून आली होती बिचारी. उठल्यावर कुणाशी बोलायचं नाही, चूळसुद्धा भरायची नाही, स्वप्न तसंच्या तसं उचलून आक्काकडे आणायचं. मला ओट्यावर बघितलं आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आक्का आता नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून माघारी वळली. तिनं स्वप्नात घरातलं काय बघितलं होतं कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. विचारून काय करणार होतो? मला काय कळतं त्यातलं?

तुला मात्र कळायचं. आणि तुला का कळायचं यावरून आपण अठरा वर्षं भांडलो. तू गावभर सारवायला, लिंपायला जायचीस. दिवाळीच्या आधी तर तुला जेवायला फुरसत नसायची. पांढऱ्या मातीचे पोतेरे मारून भिंती उजळायच्या त्या तूच. कुठल्या घराच्या भिंतीला पोट आलंय, कुठल्या माजघरात ओल धरते, कुणाच्या उतरंडीमागे काय लपवलंय, तुला सगळं पाठ. मी म्हणायचो, "आक्का, तू घरं बघून ठेवलीस म्हणून तुला माणसांचं कळतं. त्यात स्वप्नाचं काय आलं? उगाच अंधश्रद्धा वाढवू नकोस." तू शेणाचा हात न थांबवता म्हणायचीस, "मग मी तरी दुसरं काय म्हनते? मी कुठं सपान बघते? मी घरच बघते." यावर मी चिडून शाळेत निघून जायचो.

विझलेली चूल दिसली म्हणून रडत आलेल्या बाईला तू आधी हसायचीस. "येडी का खुळी? विझल्याली चूल म्हंजी मरान न्हवं. सैपाक झाकून कुनाची तरी वाट बघतीस तू. कुनाची ते सांग." आणि ती पदरात तोंड घालून नाव सांगायची. न्हाणी दिसली की म्हणायचीस, "तुजं रडू ऱ्हायलंय बाई. आपल्याला रडायला तेवढीच जागा, पान्याच्या आवाजात भागून जातंय." कुणी स्वप्नात माळवदावर चढला की घरातलं भांडण गावात पोचलं. उतरंडीचं तळचं मडकं हललं की म्हाताऱ्या आईकडे जाऊन ये. आणि आपल्याच घरात आपण कधी न बघितलेली खोली सापडली, असं कुणी सांगितलं की तू हातातलं काम बाजूला ठेवायचीस. म्हणायचीस, "त्या खोलीत जाऊ नगंस एवढ्यात. तुज्या पोटात कायतरी हाय, ते तुलाच अजून ठावं न्हाई." असल्या वेळी मीसुद्धा वही तपासायची थांबवून ऐकायचो, हे तुला माहीत होतं. मी कबूल करत नव्हतो, एवढंच.

तुझे नियम पण काय एकेक! उंबऱ्यावर बसून सांगायचं नाही, एक तर आत ये, नाही तर बाहेर थांब. एकदा अर्थ सांगितला की तो फिरवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, आपल्या स्वप्नाचा अर्थ आपण सांगायचा नाही. का, म्हणून मी विचारलं होतं. तू तेव्हा पडवी सारवत होतीस. उकिडवी बसून, हाताचे अर्धगोल काढत मागं मागं सरकत. म्हणालीस, "हे बघ, मी जिथं बसलीय तेवढी जागा सोडून समदी पडवी मला सारवता येती. मी बसलीय तिथं कसं सारवू?" मी म्हटलं, ऊठ आणि सारव. तर म्हणालीस, "जित्या मानसाला आपल्या जागंवरनं उठता येत न्हाई, मास्तर."

म्हणून तुझ्या स्वप्नाचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी ते कधी केलं नाही.

एकच स्वप्न होतं तुझं, अठरा वर्षं तेच. घोडेगावचं घर, तुझं सासर. माजघरात तू एकटी सारवतेस. समोरचं परसदार उघडं. त्यातून ऊन आत येऊन ओल्या जमिनीवर पडलंय. तू सारवत सारवत त्या दाराकडे सरकतेस आणि दाराशी पोचलीस की जाग येते. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी सकाळी तू माझ्यासमोर येऊन उभी राहायचीस, तोंड न धुता. "सांग ना रं. शिकल्याला हायस." आणि मी, शिकलेला, म्हणायचो, "पित्त झालंय तुला. ओवा खा." एकदा तर मी तुला खरोखरच ओवा आणून दिला होता. तू तो खाल्लासही.

मला तेव्हाच कळत होतं ते स्वप्न, आक्का. न कळायला काय झालं होतं? ते दार उघडं का होतं हे सबंध गावात फक्त आबांना आणि मला ठाऊक होतं.

आधी तो बैल. तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आबांनी घोडेगावच्या बाजारात तुझ्या सासऱ्याच्या शब्दावर बैल घेतला आणि तो औताला जुंपला की बसकण मारायचा. आबा भडकले, ते भर बाजारात तुझ्या सासऱ्याला नाही नाही ते बोलले. सासराही काही कमी नव्हता. तू तेव्हा पंचमीला माहेरी आली होतीस. तिकडून निरोप आला, आम्ही न्यायला येणार नाही. इकडून आबांनी उलट निरोप धाडला, आम्ही पाठवणार नाही. एका बसक्या बैलासाठी तू घरात अडकलीस. आई असती तर तिनं दोघांनाही वठणीवर आणलं असतं, पण ती आधीच गेलेली.

आणि मग पावणेदोन वर्षांनी, भर उन्हाळ्यात, दाजी आले. तुझा नवरा. एकटेच, बापाला न सांगता, शेवटचे पाच-सहा कोस चालत. तू तीन गल्ल्या पलीकडे कुणाचं तरी घर लिंपायला गेली होतीस. आबा ओट्यावर बसलेले, मी दारात. सतरा वर्षांचा होतो, मॅट्रिकला बसायचं होतं, मिसरूड फुटल्याची घमेंड होती. दाजी अंगणात उभे राहून म्हणाले, "तिला न्यायला आलोय." आबा म्हणाले, "बापाला घिऊन ये. मंग बोलू." दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभा राहिलो आणि म्हटलं, "ती इथं नाही." ते थोडा वेळ तसेच उन्हात थांबले आणि आल्या पावली परत गेले. आबा मला म्हणाले, "तिला यातलं कळता कामा न्हाई." मी मान हलवली.

आबांना बैलाचा राग होता, तो मला समजू शकतो. माझं काय होतं? आज लिहितो. तू गेली असतीस तर आमच्या भाकऱ्या कुणी केल्या असत्या? माझी फी तुझ्या सारवणावर जायची. मॅट्रिक झालो, ट्रेनिंग झालं, मास्तर झालो, ते सगळं तुझ्या शेणात बुडालेल्या हातांवर. शाळेत पोरं मला गुरुजी म्हणून उठून उभी राहतात तेव्हा मला अजून तुझे हात दिसतात. तुझे उपकार मी कधी तोंडानं बोललो नाही. बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी तू परत आलीस आणि अंगणात थबकलीस. सकाळी तूच अंगण सारवून गेली होतीस. त्या वाळल्या-न वाळल्या सारवणावर पावलं उमटली होती. आत येणारी, ओट्यापाशी थांबलेली, परत जाणारी. "कुनी आल्तं का?" तू विचारलंस. आबा म्हणाले, "गाय बघाया एक जन आल्ता." तू माझ्याकडे बघितलंस. मी पुस्तकात डोकं घातलं. मग तू मूठभर शेण घेतलंस आणि ती पावलं एकेक करून बुजवलीस. दोन वर्षांत बातमी आली की घोडेगावला दुसरी बायको आणली. तुझं ते स्वप्न त्याच सुमाराला सुरू झालं.

आता यंदाचं. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. जनावरं छावणीत गेली, उरलेली बाजारात मिळेल त्या भावाला. शेण नाही, पाणी टँकरचं, सारवणार कशानं? गावातली घरं फुफाट्यानं भरली, जमिनींना भेगा पडल्या आणि तू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलीस. मी नको म्हणालो, तू ऐकलं नाहीस. दुपारी रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाताना म्हणालीस, "कुनाच्याच सपनात आता घर येईना रं. ज्याला त्याला आड न् हिरीच दिसत्यात. पान्याचं मला काय कळतंय?" मी हसलो होतो. तू नव्हतीस हसली.

एका रविवारी शांता तुझ्या तळव्यांना हळद लावत बसली होती. "वन्सं, बघा तरी हात कसे झालेत," म्हणून रडवेली झाली होती. मी ते हात बघितले. सालपटं निघालेली, फोड फुटलेले. तू मान वर न करता म्हणालीस, "मास्तर, आज पुन्ना तेच पडलं. आता तरी सांग." इतकी वर्षं गिळलेलं धडपणे सांगायचं धैर्य नाही, म्हणून आडवाटेनं सांगून मोकळं व्हायचं, एवढाच माझा पुरुषार्थ. मी म्हणालो, "दार उघडं आहे ना? म्हणजे कुणीतरी तुझ्यासाठी ते उघडं ठेवलंय."

तू हात सोडवून घेतलास. "तवा ठेवल्तं, का अजून ठेवलंय?"

एवढं नेमकं कुणी विचारतं का? तेव्हा ठेवलं होतं, असं म्हणालो असतो तर तू पुढे विचारलं असतंस, तुला कसं ठाऊक. मी भ्यालो. म्हणालो, "ठेवलंय."

एकदा सांगितलेला अर्थ फिरवायचा नाही, हा तुझा नियम. तू त्याच आठवड्यात घोडेगावला निघालीस. शांतानं पेटीतलं चांगलं लुगडं काढून दिलं, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून रेवड्यांची पुरचुंडी बांधून दिली. मी बरोबर यायला हवं होतं. शाळेत तपासणी होती, असं सांगितलं. तपासणी होतीही, पण दुसऱ्या दिवशी.

तू शेवटच्या गाडीनं परत आलीस. पुरचुंडीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ती कोनाड्यात ठेवलीस आणि भिंतीला टेकून बसलीस. मी विचारलं, "भेटले का दाजी?"

"बाजारात गेल्ते. मी थांबले न्हाई."

"आणि ती दुसरी?"

"भली हाय बाई. च्या केला तिनं. लई येळ बोलत बसली."

"काय म्हणाली?"

तू म्हणालीस, "परसदार बुजवलंय रं. इटा लावून, वरनं माती लिंपलीया. पन लिंपनारा काय चांगला न्हवता, दाराचा वळ दिसतोय भितीवर." मग उठून हातपाय धुवायला गेलीस. न्हाणीत पाणी नव्हतंच, तरी खूप वेळ आत होतीस.

त्या दिवसानंतर तुला ते स्वप्न पडलं नाही. मी दोनदा मुद्दाम विचारलं, तू मान हलवलीस. दुसऱ्या बायका यायच्या त्यांनाही परत पाठवू लागलीस. "मला न्हाई कळत आता," म्हणायचीस. मी वर्षानुवर्षं तुला हे बंद कर म्हणत होतो. बंद झालं तेव्हा मला घरात बसवेना.

महिनाही गेला नाही आणि तू कामावरून ताप घेऊन आलीस. डॉक्टर आले, सुई दिली, नगरला न्या म्हणाले. तू म्हणालीस, "मला आता यष्टीत बसवू नगा कुनी." तिसऱ्या दिवशी शांता टँकरच्या रांगेत गेली होती. मी तुझ्या उशाशी बसून वारा घालत होतो. तू डोळे मिटूनच विचारलंस, "मास्तर, ते आल्ते तवा त्यास्नी पानी दिल्तं का रं?"

मी 'कोण' असंही विचारलं नाही. हातातला पंखा थांबला, तो मी पुन्हा हलवायला लागलो. आणि म्हणालो, "दिलं होतं ना. तांब्याभर दिलं. ओट्यावर बसून प्यायले, मग गेले." बघ, कसं फडाफडा आलं तोंडातून. ओट्यावर बसवलंसुद्धा मी त्यांना.

तू म्हणालीस, "मंग बरं झालं." आणि भिंतीकडे तोंड केलंस. पुन्हा बोलली नाहीस. दिवस मावळायच्या आत गेलीस.

मला वाटलं, खोटं असलं तरी जाताना तुझ्या जिवाला गार वाटलं असेल. आठ-नऊ दिवस मी त्याच एका गोष्टीवर तग धरून होतो.

दहाव्याला दाजी आले. दाढी पांढरी झालीय, पाठीत वाकलेत. घाटावर कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईचं काही राहिलं नव्हतं मागं. मला त्याचंच वाईट वाटलं. काहीतरी मागितलं असतंस, अडून बसली असतीस, तर मी चारचौघांत हात जोडून खरं बोललो असतो. घरी आल्यावर दाजींना ओट्यावर बसवलं आणि मी स्वतः आत जाऊन तांब्या भरून आणला. त्यांनी तो हातात घेतला, जरा वेळ धरला आणि बाजूला ठेवून दिला.

"ती आली तवा मी घरी न्हवतो," ते खाली बघत म्हणाले. "आमच्या घरातल्या बाईनं तिला समदं सांगितलं. मी न्यायला कसा आल्तो, कसा माघारी गेलो. पान्याचंबी सांगितलं. पान्याला कुनी इचारलं न्हाई, त्याच रागात म्या दुसरं लगीन केलं, ते. आन घरी पोचल्यावर ते परसदार म्याच बुजवलं. ती त्या दारानं आडावर जायची."

मग उठले. गाडी गाठायची होती. तांब्या तसाच भरलेला राहिला. दुष्काळात पाणी टाकता येत नाही, शांतानं ते परत माठात ओतलं.

म्हणजे तुला ठाऊक होतं, आक्का. मला विचारलंस तेव्हा सगळं ठाऊक होतं. तू पाण्याचं विचारतच नव्हतीस. उभ्या जन्मात एकदा तरी हा आपल्याशी खरं बोलतो का, तेवढं बघत होतीस. आणि मी तांब्याभर पाणी पाजलं त्यांना, ओट्यावर बसवून. तेही तू ऐकून घेतलंस आणि "मंग बरं झालं" म्हणालीस. माझी फी भरायचीस तशीच, न बोलता.

तुझ्या नावानं मी आता काय करू? सत्यनारायण घालू? शाळेत पोरांना खाऊ वाटू? काही केलं तरी ते दार उघडणार नाही. तू गेल्यापासून मला एकही स्वप्न पडलेलं नाही. पडलं तरी ते सांगणार कुणाला? आपलं आपण सांगायचं नाही, आणि मी जिथं बसलोय तिथून मला उठताही येत नाही. घर फुफाट्यानं भरलंय. शांता म्हणते, पाऊस पडला की सारवू. तिला तुझ्यासारखं सारवता येत नाही आणि मला ते बघवणार नाही.

तर ऐक. त्यांना पाणी दिलं नव्हतं. आबांनी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही, असं नाही. मला सुचलं होतं. पाणी दिलं तर ते बसतील, बसले तर तू येशील, म्हणून मी जागचा हललो नाही. आणि रांजण माझ्या पाठीशीच होता, आक्का, काठोकाठ भरलेला. सकाळी कामावर जायच्या आधी तूच तो भरून गेली होतीस.